डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेताना: आधी जुना पत्ता कुठे कुठे लिहिलाय ते शोधा

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचा सगळा हिशेब आठ वर्षं एकाच संगणकावर चालला. गल्ल्याखाली, धुळीत आणि तुरीच्या भुशात ठेवलेली ती विंडोजची पेटी. तिच्यात झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवून देणारा संच), झॅम्पमध्ये डेटाबेस, आणि तीन काउंटरवरचे संगणक त्याला जोडून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे माल विक्रीचे हिशेब, काढायचे. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा मालकांनी नवा उबंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर घेतला आणि डेटाबेस तिकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा असं काम करणाऱ्याला वाटतं की अवघड भाग डेटा नेण्याचा असेल. तो अर्ध्या तासाचा निघतो. वेळ जातो तो जुन्या सर्व्हरचा पत्ता कुठे कुठे लिहून ठेवलाय ते शोधण्यात. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. खडकीचं फतेहनगर झालं, फतेहनगरचं औरंगाबाद, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. नाव बदलल्याचा कागद एका दिवसात निघतो, पण दुकानांच्या पाट्या, शाळेचे दाखले, पावतीपुस्तकं यांत जुनं नाव वर्षानुवर्षं राहतं. सर्व्हरचंही तसंच.

खाली दिलेले टप्पे मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसच्या दोन्ही प्रोग्रामना लागू आहेत. कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

आधी वही घ्या

जुन्या संगणकाला हात लावण्याआधी एका कागदावर यादी करा: या डेटाबेसला कोण कोण जोडतं? काउंटरचे संगणक लगेच आठवतात. मग मुनीमजींची एक्सेलची फाइल, जी ओडीबीसीमधून (डेटाबेसला जोडणारा दुवा) थेट आकडे ओढते. रात्री बॅकअप घेणारी बॅच फाइल, जी टास्क शेड्युलरमध्ये कोणीतरी कधीतरी लावलेली असते. शेतकऱ्याला मेसेज पाठवणारा छोटा प्रोग्राम. मालकांच्या मोबाइलवरचा रोजच्या उलाढालीचा रिपोर्ट.

आठवणीवर विसंबू नका. जुना डेटाबेस चालू असताना ‘शो प्रोसेसलिस्ट’ ही कमांड चालवा. त्या क्षणी कोणत्या पत्त्यावरून कोण जोडलंय ते दिसतं. दिवसभरात पाच-सहा वेळा चालवा, संध्याकाळी दुकान बंद होताना एकदा चालवा. शिवाय प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी शोधा: जुन्या संगणकाचा आयपी पत्ता, त्याचं नाव, आणि ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हाच संगणक’) हा शब्द. वेबचा प्रोग्राम वर्डप्रेसवर असेल तर होस्ट, म्हणजे डेटाबेस सर्व्हरचा पत्ता, ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलीत असतो, लाराव्हेल असेल तर ‘डॉट ईएनव्ही’ फाइलीत. लाराव्हेलमध्ये फाइल बदलून कॉन्फिगची कॅशे (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ केली नाही, तर प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर जात राहतो आणि आपण डोकं खाजवत बसतो.

मी यादी केली होती. तरी मागच्या गोदामातला संगणक राहिला. त्यावर फक्त बारदान्याची नोंद व्हायची, तीही सकाळी दहा मिनिटं, म्हणून तो प्रोसेसलिस्टमध्ये कधी सापडला नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

दिवस निवडा

डेटाबेस हलवताना काही तास कोणीही नवी नोंद करायची नाही, म्हणजे धंदा बंद असलेला दिवस हवा. लातूर-धाराशिवकडे यासाठी येळवशीसारखा दिवस नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला अख्खं शहर शेतावर गेलेलं असतं, रस्ते ओस. सोयाबीनची धांदल ओसरलेली असते, तुरीची आवक अजून जोरात नसते. मी तोच दिवस धरला. आंबील आणि भज्जी डब्यातून आली, तेवढीच तडजोड.

पण त्याआधी एक रंगीत तालीम करा. चालू डेटाबेसचा डम्प (सगळा डेटा एका फाइलीत) घ्या, नव्या सर्व्हरवर चढवा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा आणि मग तो डेटा पुसून टाका. ज्या चुका व्हायच्या त्या तालमीत होऊ द्या.

जुनं नेमकं काय आहे ते ओळखा

झॅम्पच्या खिडकीत ‘मायएसक्यूएल’ असं लिहिलेलं असतं, पण आत २०१५ पासून मारियाडीबी येतं. ‘सिलेक्ट व्हर्जन’ चालवा, खरं नाव कळेल. नव्या सर्व्हरवर शक्यतो त्याच घराण्यातलं घ्या. दोघं सख्खे असले तरी आता वेगळे राहतात. मायएसक्यूएल ८ मधून जुन्या मारियाडीबीत जाताना ‘०९०० एआय सीआय’ नावाचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) ओळखता येत नाही म्हणून आयात थांबते, हा नेहमीचा अनुभव.

विंडोजवरून लिनक्सवर जाताना आणखी एक खड्डा आहे. विंडोजवर टेबलाच्या नावातलं लहान-मोठं रोमन अक्षर सारखंच मानलं जातं आणि नावं लहान अक्षरांत साठतात. लिनक्सवर ती वेगळी मानली जातात. प्रोग्राममध्ये टेबलाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होत असेल तर लिनक्स सांगतं, असं टेबलच नाही. उपाय म्हणजे ‘लोअर केस टेबल नेम्स’ ही सेटिंग १ करणं, आणि तेही डेटा चढवण्याआधी. मायएसक्यूएल ८ मध्ये तर ती डेटाबेस पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही.

मराठी अक्षरांची परीक्षा

इथे घाई करू नका. इंग्रजी डेटा हलवणाऱ्यांना हा त्रास कळतच नाही.

जुन्या काळातले बरेच प्रोग्राम मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी बसणारी साठवण्याची पद्धत) पाठवायचे, पण टेबल मात्र ‘लॅटिन-१’ (फक्त रोमन अक्षरांची जुनी पद्धत) असायचं. दोघांनी एकच चूक केल्यामुळे पडद्यावर मराठी नीट दिसायचं. सर्व्हर बदलला की ही जमवाजमव मोडते आणि शेतकऱ्याच्या नावाजागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते.

तपासायची सोपी रीत सांगतो. एखाद्या रेकॉर्डमध्ये फक्त ‘लातूर’ असं लिहिलेलं शोधा. ‘कॅर लेंग्थ’ने अक्षरं मोजा आणि ‘लेंग्थ’ने बाइट. ल, काना, त, दीर्घ उकार, र अशी पाच अक्षरं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून बाइट पंधरा. ५ आणि १५ आलं तर तुमचं टेबल निरोगी आहे. १५ आणि १५ आलं तर लॅटिन-१ च्या टेबलात यूटीएफ-८ भरलंय. १५ आणि ३१ आलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, बहुधा आधी कोणीतरी असंच हलवताना.

१५-१५ असेल तर डम्प घेतानाच ‘डिफॉल्ट कॅरेक्टर सेट’ लॅटिन-१ द्यायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. मग डम्पच्या फाइलीत ‘सेट नेम्स’ आणि टेबलांच्या व्याख्येतलं लॅटिन-१ बदलून ‘यूटीएफ८एमबी४’ करायचं आणि चढवायचं. साध्या ‘यूटीएफ८’वर थांबू नका. मायएसक्यूएलमधलं ते जुनं रूप तीनच बाइटपर्यंत जातं. मराठी बसते, पण कोणी शेऱ्यात इमोजी टाकला की नोंद अडते.

आयात झाल्यावर टोप्या घातलेली अक्षरं दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा दुरुस्त होतात. प्रश्नचिन्हं दिसली तर तो मजकूर गेला. तो परत जुन्याच डेटाबेसमधून घ्यावा लागतो.

आणि डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ही सगळी चर्चा त्याला लागू नाही. तिथे साठलेली अक्षरं मुळात रोमनच असतात, फॉन्टमुळे मराठी दिसतात. त्याचं युनिकोड करणं हे वेगळं काम आहे, या कामात मिसळू नका.

मिसळण्यावरून आठवलं. मालक सहज म्हणाले, “सर, हलवताय तर तेवढं जिल्ह्याच्या रकान्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव पण करून टाका ना.” मागणी रास्त होती, २०२३ पासून बाकी होती. पण त्या दिवशी मी नाही म्हणालो. डेटा हलवताना बदललाही, तर जुन्या-नव्याची तुलना करायला आधारच उरत नाही. पुढच्या आठवड्यात ते काम केलं तेव्हा कळलं की रकाना १५ अक्षरांचा होता. औरंगाबाद ८ अक्षरांत मावतं, छत्रपती संभाजीनगरला मधल्या जागेसह १७ लागतात. ढिल्या सेटिंगवर नाव गुपचूप ‘छत्रपती संभाजीन’ असं कापलं गेलं असतं.

डम्प घेणं

डेटाबेस चालू असताना त्याचं डेटा फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. फाइल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत कॉपी होते आणि नव्या ठिकाणी उघडत नाही. पीएचपीमायअॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) निर्यात करणं छोट्या डेटाला चालतं; मोठ्या फाइलीला अपलोडची मर्यादा आणि वेळेची मर्यादा दोन्ही आडवी येतात. म्हणून ‘मायएसक्यूएलडम्प’ वापरा. झॅम्पमध्ये तो मायएसक्यूएलच्या फोल्डरमधल्या ‘बिन’मध्ये असतो.

त्याला तीन पर्याय जोडा. ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’, म्हणजे इनोडीबी (टेबल साठवण्याचा नेहमीचा प्रकार) टेबलांचं एकाच क्षणाचं चित्र मिळतं. ‘रूटीन्स’ (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) आणि ‘इव्हेंट्स’ (ठरल्या वेळी चालणारी कामं), कारण हे दोन सांगितल्याशिवाय डम्पमध्ये येत नाहीत. ट्रिगर (नोंद बदलली की चालणारी कामं) आपोआप येतात.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बाणाचं चिन्ह वापरून फाइल बनवू नका. तिथे ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि नंतर चढत नाही. ‘रिझल्ट फाइल’ हा पर्याय देऊन नाव सांगा, किंवा जुनी काळी कमांड खिडकी वापरा.

फाइल झाली की तिची शेवटची ओळ बघा. ‘डम्प कम्प्लीटेड’ असं लिहिलेलं असेल तरच ती पूर्ण आहे. मध्येच वीज गेली, डिस्क भरली, तरी फाइल दिसायला ठीकच दिसते. मग तिचा एसएचए-२५६ (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून ठेवा: विंडोजवर ‘सर्टयुटिल’ने, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ने. नव्या सर्व्हरवर नेल्यावर दोन्ही जुळले की वाटेत काही सांडलं नाही.

चढवणं आणि ताळा

नव्या सर्व्हरवर आधी रिकामा डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये तयार करा, मग डम्प आत सोडा. काम लांबणार असेल तर ‘टीमक्स’मध्ये चालवा. तुमच्या लॅपटॉपची वीज किंवा नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

यूझर डम्पमध्ये येत नाहीत, ते वेगळ्या सिस्टम डेटाबेसमध्ये राहतात. ते हाताने बनवा, आणि यानिमित्ताने रूटवरून (सगळे अधिकार असलेला यूझर) धंदा करणं बंद करा. झॅम्पमध्ये रूटला पासवर्डच नसतो, आणि आमचा प्रोग्राम आठ वर्षं तसाच चालला होता.

‘डिफायनर अस्तित्वात नाही’ असा १४४९ क्रमांकाचा एरर आला तर एखादा व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) किंवा रूटीन जुन्या यूझरच्या नावाने बनलेलं आहे; तोच त्याचा डिफायनर. तो यूझर बनवा किंवा डिफायनर बदला.

आता ताळा. पीएचपीमायअॅडमिन टेबलासमोर जो रेकॉर्डचा आकडा दाखवतं तो इनोडीबीसाठी अंदाजे असतो, त्यावर जाऊ नका. ‘काउंट’ने प्रत्येक टेबल मोजा. त्याहून भरवशाचा ताळा मुनीमजींकडे असतो: प्रत्येक वर्षाची पट्ट्यांची एकूण रक्कम, हमाली-तोलाईची बेरीज, शेवटचा पट्टी क्रमांक. हे आकडे दोन्हीकडे काढून शेजारी लिहा. आमच्याकडे पहिल्या तालमीत एका वर्षाची बेरीज जुळली नाही. डम्प काढताना एक काउंटर चालू राहिलं होतं, आणि टेबलांना कुलूप न लावता, सिंगल ट्रान्झॅक्शनही न देता डम्प घेतल्यामुळे पट्ट्यांचं टेबल एका वेळचं आणि बाकीचं दुसऱ्या वेळचं आलं होतं.

सर्व्हरचं घड्याळही बघा. लिनक्स सर्व्हर अनेकदा यूटीसीवर असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी दहाच्या पट्टीवर साडेचार छापलं जातं. ‘टाइमडेटसीटीएल’ने आशिया/कोलकाता करा आणि डेटाबेस पुन्हा चालू करा.

दार उघडणं

उबंटूवर मारियाडीबी बसवलं की ते फक्त स्वतःच्याच यंत्रातलं ऐकतं, १२७.०.०.१ वर. बाहेरच्या काउंटरसाठी ‘बाइंड अॅड्रेस’ बदलावा लागतो. नवखे इथे हमखास काउंटरचा पत्ता टाकतात. तसं नाही. हा सर्व्हरचा स्वतःचा पत्ता आहे, म्हणजे ‘मी माझ्या कोणत्या दारावर बसू’ याचं उत्तर. कोण आत येऊ शकतं हे यूझर आणि फायरवॉल ठरवतात.

यूझर बनवताना त्याच्या नावापुढे कुठून यायची परवानगी आहे तेही लिहावं लागतं. दुकानातल्या नेटवर्कसाठी ‘१९२.१६८.१.%’ असं दिलं की तिथले सगळे संगणक चालतात. फायरवॉलमध्ये ३३०६ हे पोर्ट (डेटाबेसच्या दाराचा क्रमांक) फक्त त्याच नेटवर्कला उघडा. इंटरनेटला कधीच नाही. घरून बघायचं असेल तर एसएसएच टनेल किंवा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी बंदिस्त वाट.

जोडणी झाली नाही तर एररचा आकडा वाचा, तो कुठल्या दारावर अडलोय ते सांगतो. २००३ आणि सोबत १००६०: वाड्यापर्यंतच पोचलो नाही, पत्ता चुकलाय किंवा फायरवॉल गप्प बसलीय. २००३ आणि १००६१: वाडा सापडला, पण दारावर कोणी नाही, सेवा बंद आहे किंवा बाइंड अॅड्रेस जुनाच आहे. ११३०: दारावर माणूस आहे, पण तुमच्या गावच्या कोणालाच आत घ्यायचं नाही असं त्याला सांगितलंय. १०४५: नाव, पासवर्ड किंवा कुठून आलात यांतलं काहीतरी जुळत नाही. १०४९: आत आलात, पण त्या नावाचा डेटाबेस नाही. हे पाच आकडे भिंतीवर चिकटवून ठेवले तर अर्धी रात्र वाचते.

सर्व्हरवरच चालणाऱ्या प्रोग्रामबद्दल एक बारीक गोष्ट: लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं तर जोडणी सॉकेट फाइलीतून होते, १२७.०.०.१ लिहिलं तर पोर्टमधून. दोन्ही एकच वाटतात, वागतात वेगळे.

पत्ता बदलताना नाव द्या

प्रत्येक काउंटरवर नवा आयपी टाइप करू नका. सर्व्हरला एक नाव द्या. आम्ही ‘खातेवही’ ठेवलं. प्रत्येक विंडोजच्या ‘होस्ट्स’ फाइलीत नवा आयपी आणि त्यापुढे हे नाव लिहायचं, आणि प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये होस्ट म्हणून नावच द्यायचं. होस्ट्स फाइल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागते, आणि नोटपॅड ती गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडून साठवतं. मग सगळं बरोबर लिहूनही काही होत नाही. फाइलीला शेपूट नाही ना, ते बघा.

राउटरमध्ये जाऊन सर्व्हरचा आयपी त्याच्या नावे राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली, राउटर पुन्हा चालू झाला, की तो सर्व्हरला दुसराच पत्ता देऊ शकतो, आणि आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्ही जाणता.

प्रत्येक काउंटरवरून पॉवरशेलच्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने नाव आणि पोर्ट ३३०६ तपासा. नुसतं पिंग लागलं म्हणजे घर सापडलं, दार उघडंच असेल असं नाही. वेबसाइट असेल आणि नाव डीएनएसमध्ये (इंटरनेटवरची नाव-पत्त्यांची वही) असेल तर एक दिवस आधीच त्याचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ, ३०० सेकंदांवर आणून ठेवा.

जुनं बंद करा, खरंच बंद

माझी चूक इथे झाली. “असू दे चालू, अडचण आली तर परत जाता येईल” म्हणून जुना डेटाबेस मी तसाच ठेवला. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही काउंटर मजेत नव्या सर्व्हरवर. गोदामातला संगणक मात्र दोन दिवस बारदान्याच्या नोंदी जुन्यावर लिहीत राहिला, कसलाही एरर न देता. तिसऱ्या दिवशी पोत्यांचा हिशेब लागेना तेव्हा सापडलं. त्या नोंदी मुनीमजींनी आणि मी बसून हाताने पुन्हा भरल्या.

पत्ता बदलला की जुना डेटाबेस लगेच थांबवा, म्हणजे यादीतून राहिलेला जो कोणी असेल तो स्वतःहून ओरडतो. ‘रीड ओन्ली’ करून ठेवणं पुरेसं वाटतं, पण रूटसारख्या अधिकाराच्या यूझरला ते अडवत नाही, आणि झॅम्पचे जुने प्रोग्राम सहसा रूटनेच जोडलेले असतात. म्हणून सेवा थांबवा आणि विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये तिला ‘डिसेबल्ड’ करा. नुसती थांबवली तर वीज जाऊन आल्यावर ती पुन्हा जागी होते. डेटा फोल्डरला हात लावू नका, ती पेटी महिनाभर कोपऱ्यात राहू द्या.

रात्रीच्या बॅकअपची बॅच फाइल अजून जुन्या पेटीवरच असेल, तर ती रोज नेमाने चालते आणि रोज आजच्या तारखेची फाइल बनवते. जुना डेटाबेस थांबवल्यावर आम्ही आठवड्याने फोल्डर उघडलं तेव्हा सात फाइली होत्या, सातही शून्य केबीच्या.